सकाळी आठचे तीन आकडे

कोर्नेल हदरेआनचं काम सुरू व्हायचं ते बाकीचे निघून गेल्यावर. मेदियाशमधली त्याची कंपनी शाळांना, कारखान्यांना, गावोगावच्या सभागृहांना गरम हवेच्या गॅसभट्ट्या पुरवायची. भट्टी बसवायला चार-पाच जणांची टोळी जायची. ती माणसं गप्पा मारत, एकमेकांची उणीदुणी काढत काम करायची, दुपारी एकत्र जेवायची, आणि भट्टी उभी राहिली की पुढच्या गावाला जायची. मग थंडीच्या तोंडावर कोर्नेल एकटाच यायचा. गॅस सोडायचा, ज्योत पेटवायची, हवा आणि गॅस यांचा मेळ घालायचा, धुरात काय काय आहे ते मोजायचं आणि सगळं बरोबर असलं तर कागदावर सही करायची. त्याने पाहिलेली सगळी सभागृहं गार आणि रिकामी होती. लोक जमतात ते ऊब आल्यावर, आणि तोवर त्याची गाडी रस्त्याला लागलेली असायची.

अठ्ठावन्न वर्षांचा, उंच, जरा पोक काढून चालणारा हा माणूस. त्याची बायको दोरिना अकरा वर्षांपूर्वी इटलीत एका म्हाताऱ्याची देखभाल करायला गेली होती, दोन वर्षांसाठी म्हणून. तो म्हातारा वारला, मग दुसरा मिळाला, मग त्या दुसऱ्याची बहीण. भांडण असं काही झालं नाही. ती आली नाही, इतकंच. नाताळला आणि ईस्टरला तिचा फोन येई. मूलबाळ नव्हतं. कुणी विचारलं तर "इटलीत असते, कामाला" एवढं कोर्नेल सांगे, आणि विचारणारा नुसती मान डोलवी, कारण त्याच्याही घरचं कुणीतरी तिकडेच असे.

नोव्हेंबरच्या तीस तारखेला तो वालेनीला गेला. दुसऱ्या दिवशी एक डिसेंबरचा सण, देशाचा राष्ट्रीय दिवस. गावाच्या सभागृहात मुलांचे नाच, सरपंचांचं भाषण, म्हाताऱ्यांसाठी जेवण, आणि हे सगळं तीस वर्षांत पहिल्यांदा अंगातले कोट काढून होणार होतं. त्यामुळे सरपंच रेमुस बोल्देआ यांनी आठवडाभर आधीपासून कंपनीत फोन करून करून सगळ्यांना भंडावून सोडलं होतं.

सभागृह बसथांब्याला लागूनच होतं. दार उघडायला वेतुरियाबाई आल्या. त्या सभागृहाच्या राखणदार. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, डोक्याला काळा रुमाल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी कोर्नेलला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "एकटेच आलात, मिस्त्री?"

"या कामाला एकच माणूस लागतो," तो म्हणाला.

"एवढ्या मोठ्या भट्टीला एकच माणूस. बरंय."

भट्टी रंगमंचाच्या मागच्या खोलीत होती. पूर्वी तिथे नाटकांचे कपडे ठेवत. बसवणाऱ्यांनी काम नीटनेटकं केलं होतं. गॅसची पिवळी नळी भिंतीला घट्ट आवळलेली, धुराचं नळकांडं सरळ छतातून वर गेलेलं. भट्टीला जळायला हवा लागते, पण या खोलीची एकही भिंत बाहेरच्या बाजूला नव्हती. म्हणून शेजारच्या खोलीतून, म्हणजे नटांच्या कपडे बदलायच्या जुन्या खोलीतून, पत्र्याचा एक चौकोनी नळ आणला होता. त्याचं एक तोंड बाहेर बसथांब्याच्या भिंतीत, दुसरं इथे जमिनीलगत. कोर्नेलने बाहेर जाऊन जाळी पाहिली. स्वच्छ होती. आतलं तोंड पाहिलं. तेही स्वच्छ होतं.

मग त्याने आपल्या नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. नळीतली हवा बाहेर काढली, सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवून कुठे बुडबुडे येतात का ते पाहिलं, गॅसचा दाब मोजला. खोलीत फार जागा नव्हती म्हणून हत्यारं दाराबाहेर मांडली आणि दार उघडंच ठेवलं. साडेदहाला बर्नर चालू केला. पंखा घरघरला, ठिणगीची टकटक झाली, आणि छोट्या काचेमागे ज्योत उभी राहिली. आधी लहान ज्योत. पंधरा मिनिटं ती तापू द्यायची, घाई करायची नाही. तोवर तो स्टुलावर बसून काचेत बघत राहिला. हा वेळ त्याला आवडायचा असं नाही, पण नकोसाही वाटत नसे. ज्योतीकडे बघणाऱ्याला कुणी 'नुसता काय बसलास' असं म्हणत नाही.

धुराच्या नळकांड्याला एक भोक ठेवलेलं असतं. त्यात त्याने मोजयंत्राची सळई घातली. ऑक्सिजन जास्त दिसत होता, म्हणजे हवा गरजेपेक्षा अधिक येत होती आणि निम्मी ऊब धुराड्यातून आभाळात चालली होती. त्याने हवेची झडप केसभर मिटली, थांबला, पुन्हा पाहिलं. गॅसचा स्क्रू पाव वळसा फिरवला, थांबला, पाहिलं. मग मोठी ज्योत लावून तेच सगळं परत केलं. बाराच्या सुमाराला आकडे हवे तसे बसले. ऑक्सिजन चार टक्क्यांच्या खाली, आणि कार्बन मोनॉक्साईड, ज्याला ना वास ना रंग, आणि जो माणसाला झोपेतच नेतो, तो दहा लाख भागांत अवघा अठरा. ज्योत निळी, आखूड, जागच्या जागी.

वेतुरियाबाई दोनदा डोकावून गेल्या. एकदा कॉफी घेऊन. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, आता झालं ना, म्हणजे तुम्ही निघालात का. त्यांच्या विचारण्यात घाई होती. कोर्नेलने मनावर घेतलं नाही. लोकांना आपण लवकर गेलेलं बरं वाटतं, हे त्याला ठाऊक होतं.

शेवटची एक गोष्ट राहिली होती. हत्यारं आत घेऊन त्याने दार लावून घेतलं. रोजच्या वापरात हे दार बंदच असणार, तेव्हा मोजणीही बंद दाराआड व्हायला हवी. पाच मिनिटं काही झालं नाही. मग ऑक्सिजन उतरायला लागला. तीन. अडीच. अठराचे चाळीस झाले, चाळीसचे एकशे दहा. काचेमागची ज्योत लांब झाली, तिच्या टोकांना पिवळेपणा आला आणि ती आळसावल्यासारखी डोलायला लागली. आकडा तीनशेवर गेला तसं त्याने दार उघडलं. दोन-तीन मिनिटांत सगळं पुन्हा जागेवर आलं.

भट्टीचा श्वास कोंडत होता. त्याने पत्र्याच्या नळाच्या तोंडाशी सिगारेटचा पातळ कागद धरला. कागद हलला नाही. बाहेरची जाळी स्वच्छ, आतलं तोंड स्वच्छ, तेव्हा जे काय अडलं होतं ते मधे, शेजारच्या खोलीत. त्या खोलीला कुलूप होतं.

त्याने वेतुरियाबाईंकडे किल्ली मागितली. त्या म्हणाल्या, ती माझ्याकडे नसते, सरपंचांकडे असते. त्याने सरपंचांना फोन लावला. सरपंच म्हणाले, छे, तिथली एकच किल्ली आणि ती कायम वेतुरियामावशींच्या कमरेला. कोर्नेलने फोन खिशात ठेवला आणि बाईंच्या जुडग्याकडे पाहिलं. त्यांनीही खाली जुडग्याकडे पाहिलं.

"आत जुने कपडे आहेत नुसते," त्या म्हणाल्या. "उंदरांनी खाल्लेले. काय बघायचंय तुम्हाला?"

"बाई, कपडे नाही, नळ बघायचाय. तो उघडल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि सही नसली की उद्या सगळ्यांनी कोट घालूनच नाचायचं."

बाईंनी किल्ली काढली. कुलूप उघडलं.

खोलीत जुने कपडे होतेच, एका कोपऱ्यात दोरीवर ढकललेले. बाकी खोलीत एक लोखंडी खाट होती, तिच्यावर गोधडी चापूनचोपून अंथरलेली. खिडकीत जिरेनियमच्या तीन कुंड्या. एक लहान रेडिओ, विजेची किटली, भिंतीवर संत निकोलाईची तसबीर आणि तिच्याखाली एका तरुण मुलीचा फोटो. खाटेच्या उशाकडून पत्र्याचा नळ गेला होता. त्याचा एक सांधा उसवलेला होता, आणि त्या फटीतून आत एक अख्खी लोकरीची घोंगडी कोंबलेली होती. तिचं टोक बाहेर लोंबत होतं.

"वारा यायचा," वेतुरियाबाई म्हणाल्या. "सांध्यातून. थेट मानेवर."

कोर्नेलने विचारलं, केव्हापासून. बाई खाटेच्या कडेवर बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांचं घर वर टेकाडावर, रस्त्याच्या शेवटाला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी स्पेनमध्ये. शेजारची तीन घरं होती, त्यातलं एक विकलं गेलं आणि उरलेल्या दोन घरांची माणसं परदेशी, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. गेल्या फेब्रुवारीत त्या अंगणातल्या बर्फावर घसरल्या. सकाळी सातला पडल्या, कंबर धरली, उठता येईना. हाका मारल्या. मग मारायच्या थांबल्या, कारण ऐकायला कुणी नव्हतं. दुपारी दोनला टपालवाली आली, तीही चुकून, दुसऱ्याच कुणाचं पत्र घेऊन.

"त्या दिवसापासून रात्री डोळा लागेना. इथे कसं, या भिंतीपलीकडे बसची वाट बघणारी माणसं असतात. बोलतात. कुणी नवऱ्याला शिव्या देतं, कुणाला खोकला असतो. पहाटे पाचची बस असते ना, तिची माणसं साडेचारला येतात. मला सगळं ऐकू येतं." त्यांनी गोधडीची एक सुरकुती सारखी केली. "ऑक्टोबरात खाट आणली."

सकाळी त्या मागच्या दाराने बाहेर पडत, वळसा घालून पुढच्या दाराशी येत आणि घरून आल्यासारखं कुलूप काढत. दुपारी टेकाडावर जाऊन रिकाम्या घरातली चूल पेटवून येत, म्हणजे धुराड्यातून धूर निघालेला लोकांना दिसावा.

कोर्नेल ऐकत होता, पण त्याच्या डोळ्यांसमोर तो तीनशेचा आकडा होता. या नळाचा सांधा उसवलेला, म्हणजे भट्टीची खोली आणि ही खोली आतून जोडलेल्या. त्यात घोंगडी कोंबलेली. उद्या सण झाला की सरपंच थंडीला भिऊन भट्टी रात्रभर चालू ठेवणार, दार बंद, आणि इथे उशाला हा नळ. त्याने त्यांना ते समजावून सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं.

बाईंनी खांदे उडवले. "झोपेतच ना? दुखत तर नाही म्हणतात."

कोर्नेल सहसा आवाज चढवत नसे. त्या वेळी चढवला. "मग सकाळी दार कुणी उघडायचं? नाचायला आलेल्या पोरांनी?" तो म्हणाला. "आणि तो कागद ज्याच्या सहीचा, त्याने पुढे काय करायचं?"

त्या उठल्या, घोंगडीचं लोंबतं टोक धरलं आणि ओढायला लागल्या. ती घट्ट बसली होती. दोघांनी मिळून ओढून काढली.

पुढचे दोन तास कोर्नेलने नळाचा सांधा जुळवला, चारी बाजूंनी स्क्रू मारले, वरून चंदेरी पट्टी चिकटवली. मग सगळं पहिल्यापासून. सकाळचे आकडे उघड्या दाराचे होते, ते आता उपयोगाचे नव्हते. लहान ज्योत, मोठी ज्योत, झडप, स्क्रू, थांबणं. या वेळी त्याने दार आधीच लावून घेतलं होतं. वेतुरियाबाई त्याच्या मागे उभ्या होत्या. त्याने त्यांना बाहेर जायला सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, हा आकडा कसला, तो कसला, ज्योत निळीच का हवी. त्याने एकेक करून सांगितलं. एवढं आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं. अर्ध्या तासाने आकडा बावीसवर होता आणि तिथून हलला नाही.

साडेचारला सभागृहाच्या जाळ्यांमधून गरम हवा यायला लागली. बसथांब्यावरच्या दोन बायका आत येऊन जाळीसमोर हात धरून उभ्या राहिल्या. मग सरपंच आले. चाळिशीचे, गरगरीत, कपाळावर घाम. एवढा उशीर का झाला, काही बिघाड तर नाही ना, असं त्यांनी विचारलं. कोर्नेलने सांगितलं की हवेचा नळ तुंबला होता, आता मोकळा केलाय.

"तुंबला कशाने? नवा कोरा नळ तो."

पाखरांचं घरटं होतं, असं म्हणून कोर्नेलला निसटता आलं असतं. वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. पण मग खाट तिथेच राहिली असती, आणि पुढे हिवाळ्यात एखाद्या रात्री वारा फार झोंबला असता तर पुन्हा काहीतरी कोंबलं गेलं असतं. सांगायचं तर या बाईचं बिंग फुटणार. तो बोलायला शब्द जुळवत होता, तेवढ्यात वेतुरियाबाईच म्हणाल्या, "मी तुंबवला. मी राहते तिथे."

सरपंचांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी खोलीत जाऊन पाहिलं आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरम होती. ते रोज टेकाडाखालून गाडीने जात. रोज तो धूर बघत. बायकोला म्हणतही असत, बघ, वेतुरियामावशींची चूल पेटली, म्हातारी खमकी आहे. त्यांनी बाईंना आपल्या घरी राहायला यायचा आग्रह केला. बाई म्हणाल्या, तुझ्या घरात आधीच सासूचं आणि बायकोचं पटत नाही, त्यात मी कुठे. पण खाट हलवायला हवी, हे सरपंचांनीही सांगितलं. बाई म्हणाल्या, मला कळतं, आजच वर घरी नेते.

कोर्नेल टेबलावर कागद भरत बसला होता. दाब, तापमान, धुरातले आकडे. खाली 'शेरा' म्हणून तीन ओळी कोऱ्या होत्या. त्या जागी तो गेली वीस वर्षं आडवी रेघ मारत आला होता. आज त्याने लिहिलं: पहिल्या हिवाळ्यात राखणदाराने रोज सकाळी आठ वाजता तंत्रज्ञाला फोन करून तीन आकडे कळवावेत. धुराचं तापमान, सभागृहाचं तापमान, गॅसचा दाब. फोन न आल्यास तंत्रज्ञ चौकशी करेल.

सरपंचांनी दोनदा वाचलं. "असा नियम आहे?"

"आहे," कोर्नेल म्हणाला.

"इतर गावांत कधी ऐकला नाही."

"इतर गावांतल्या भट्ट्या वेगळ्या."

सरपंचांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि सही केली. कोर्नेलने फोन नंबर एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून वेतुरियाबाईंना दिला. त्यांनी तो रुमालाच्या गाठीत बांधला आणि म्हणाल्या, "रविवारी पण?"

"भट्टीला रविवार नसतो, बाई."

दुसऱ्या दिवशी सण होता, कोर्नेलला सुट्टी होती. त्या दिवशी आठला चार मिनिटं असताना फोन आला. आवाज करडा, शब्द मोजके. एकशे चौसष्ट, एकोणीस, वीस. त्याने एक जुनी वही काढली, तीन रकाने आखले आणि लिहून घेतलं. बाईंनी विचारलं, बरोबर आहे ना. तो म्हणाला, बरोबर आहे. बाईंनी फोन ठेवला.

तसंच रोज चाललं. कधी आकड्यांच्या आधी एखादं वाक्य असे. आज धुकं आहे. टपालवालीने राजीनामा दिला. सरपंचाने भाषणात 'बंधुभगिनींनो' तीनदा म्हटलं. कोर्नेल फार बोलत नसे, पण आठच्या आधी तो आता अंघोळ आणि दाढी उरकून टेबलाशी बसलेला असे. कामावर निघायला उशीर होई. कंपनीतल्या पोरीने एकदा विचारलं, काका, सकाळी तुमचा फोन एवढा का गुंतलेला असतो, कुणी भेटलं की काय. त्याने सांगितलं, भट्टीचं काम. ती हसली, आणि तो का कोण जाणे, रागावला नाही.

नाताळला दोरिनाचा फोन आला तो नेमका आठच्या ठोक्याला. दोघं चार मिनिटं बोलली. हवा, तब्येत, तिच्याकडच्या म्हातारीचा गुडघा. त्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. तिने फोन ठेवला तेव्हा आठ वाजून चार मिनिटं झाली होती आणि वालेनीहून दोनदा फोन येऊन गेला होता.

जानेवारीच्या मध्यावर एके दिवशी फोन आला नाही. रात्रभर बर्फ पडला होता. सव्वाआठला कोर्नेलने स्वतः लावला. लागला नाही. सरपंचांचा लावला, तोही लागला नाही. साडेआठला तो जिने उतरून गाडीत बसला होता.

रस्ता चाळीस किलोमीटरचा, पण दोन तास लागले. सभागृहाला कुलूप होतं. तो गाडी तिथेच टाकून टेकाड चढायला लागला. बर्फ गुडघ्यापर्यंत, पायवाट नाहीच. वर धुराड्यातून धूर निघत होता, पण या बाईच्या धुराचा काय भरवसा. फळ्या ठोकलेली दोन घरं मागे टाकून तो फाटकाशी पोहोचला. अंगणात कुणी पडलेलं नव्हतं. त्याने दारावर मूठ आपटली.

वेतुरियाबाईंनी दार उघडलं. हातात पळी होती.

"अगोबाई, मिस्त्री?" त्या म्हणाल्या. "काय झालं?"

त्याला धाप लागली होती. फोन का नाही केला, असं त्याने विचारलं.

"वीज गेलीय पहाटेपासून. फोनचा मनोरा बंद. आणि वीज नाही म्हणजे भट्टीचा आकडे दाखवणारा डबाही काळाठिक्कर. आकडेच नव्हते, काय सांगणार होते?"

कोर्नेल उंबऱ्यावरच बसला. त्याला हसू येत होतं. बाईंनी त्याचे बूट ओढून काढले, नवऱ्याचे जाड लोकरी मोजे दिले, आणि चुलीशी खुर्ची सरकवली. पळी घेवड्याच्या रश्शाची होती. बरोबर पाव, कांदा, खारवलेली डुकराची चरबी. दोघं जेवली. बाईंनी काही विचारलं नाही, तरी तो बोलायला लागला. बायको इटलीत कामाला असते, असं नेहमीसारखं म्हणून तो थांबला, आणि मग म्हणाला की असते म्हणजे राहतेच, परत यायची नाही ती, आणि हे मला फार आधी कळलंय, पण मोठ्याने बोलायला कुणी नव्हतं. बाईंनी त्याच्या ताटात आणखी रस्सा वाढला. त्या म्हणाल्या, माझी मुलगीही दर वर्षी पुढच्या वर्षी येणार असते.

तीनला वीज आली. दोघं खाली उतरली, बाई पुढे, कारण खड्डे कुठे आहेत ते त्यांना ठाऊक होतं. कोर्नेलने भट्टी पुन्हा पेटवली, धूर तपासला. सव्वीस. ज्योत निळी. अंधार पडायच्या आत तो परत निघाला. गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की मोजे त्यांचेच पायात राहिलेत. रस्ताभर दुसरं वाहन दिसलं नाही. घरी पोहोचून दिवा लावला तेव्हा सकाळचा कॉफीचा कप टेबलावर तसाच होता, उघड्या वहीशेजारी.

हिवाळा सरला. एप्रिलच्या बारा तारखेला वेतुरियाबाईंनी आकडे सांगितले आणि मग म्हणाल्या, "आज सरपंच बंद करणार भट्टी. उद्यापासून आकडे नाहीत, मिस्त्री."

कोर्नेल म्हणाला, बरोबर आहे, आता गरज नाही. तुम्ही काम चोख केलंत. त्या म्हणाल्या, त्यात काय एवढं. जरा वेळ दोघंही फोन धरून राहिली. मग त्यांनी ठेवला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले आणि गेले. तिसऱ्या दिवशीही. तो अंघोळ करून टेबलाशी बसायचा, मग उठून कामाला जायचा. नियमात पहिला हिवाळा म्हटलं होतं, आणि नियम त्यानेच लिहिला होता. कंपनीतली पोरगी म्हणाली, काका, आता लवकर येता. तो हो म्हणाला. चौथ्या, पाचव्या दिवशी त्याने रेडिओ लावून पाहिला. त्यात हवामान सांगत होते, वालेनीचं नाही.

आठव्या दिवशी, गुरुवार होता, त्याने फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"बोला," वेतुरियाबाईंचा आवाज आला, धापा टाकत. "कोण?"

"मी. कोर्नेल. भट्टीवाला."

"भट्टी बंदच आहे हो. काही राहिलंय का?"

त्याने काहीतरी कारण ठरवून ठेवलं होतं, झडपेबद्दल काहीतरी. ते त्याला आठवेना. "काही नाही," तो म्हणाला. "काय चाललंय?"

"कांदा लावतेय मागे. माती ओली आहे तोवर लावून टाकायचा."

"किती वाफे झाले?"

"मोजले कुठे मी," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "थांबा, बघून येते."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला, बहुतेक कुंपणाच्या दगडावर. त्यांची पावलं ओल्या मातीतून लांब गेली. एक कोंबडी कुरकुरली. लांबवर खाली बस येऊन थांबली आणि तिचं दार उघडलं. कोर्नेलने वही पुढे ओढली, पेन्सिल घेतली, आणि फोन कानाला धरून बसून राहिला.